दूरस्थ दुर्बिणीतून तेजोमेघांचं छायाचित्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत राहते. गेली काही वर्षं चिली, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या भाड्याच्या दुर्बिणी वापरून तेजोमेघांचे, म्हणजे अंतराळातल्या वायू आणि धुळीच्या ढगांचे, फोटो काढते. फोटो पाहिले की माणसं बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि ते रास्त असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

दूरस्थ दुर्बीण म्हणजे नेमकं काय?

काळोख्या, कोरड्या जागी सरकत्या छपराची शेड असते आणि तिच्यात खऱ्या दुर्बिणी मांडलेल्या असतात. प्रत्येक दुर्बिणीला थंड करता येणारा कॅमेरा, फिल्टरचं चक्र आणि आपोआप फोकस करणारी मोटर असते. आपण घरून ब्राउझरमध्ये सांगायचं: अमुक तेजोमेघ, अमुक फिल्टर, इतक्या सेकंदांच्या इतक्या फ्रेम. तिथे रात्र झाली आणि आकाश निरभ्र असलं की छप्पर उघडतं, दुर्बीण त्या दिशेला वळते आणि काम सुरू होतं. ढग आले की सेन्सर छप्पर बंद करतात. फाइल्स सर्व्हरवर जमा होतात, त्या आपण उतरवून घ्यायच्या.

यात हौशी लोकांनी शोधलेली पळवाट वगैरे काही नाही. लडाखमध्ये हानले इथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आपली २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. संशोधक खुर्चीत बसतात होसकोट्यात आणि आरसा फिरतो हानलेत.

स्वतःच्या गच्चीवरून का नाही?

गच्चीवरून जरूर करा. पण तीन गोष्टी आपल्या हातात नसतात.

पहिली गोष्ट उजेड. आकाशाचा काळोख मोजायला जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये १ ते ९ अशी श्रेणी मांडली. मुंबई, ठाणे, पुणे ही शहरं ८-९ मध्ये मोडतात. शहराचं आकाश उत्तम काळोख्या आकाशापेक्षा चार प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्विता मोजायची पायरी) उजळ धरलं तर ते सुमारे चाळीस पट उजळ होतं. तेजोमेघाचा फिका पदर त्या उजेडात बुडून जातो.

दुसरी गोष्ट पाऊस. जून ते ऑगस्ट या महिन्यांत धनू आणि वृश्चिक राशींचा भाग, म्हणजे आकाशगंगेचा सर्वांत श्रीमंत पट्टा, रात्री चांगला वर असतो. लगून, ट्रिफिड, ईगल, ओमेगा हे सगळे तेजोमेघ तिथे किंवा अगदी लागूनच आहेत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे आभाळ उघडत नाही. त्या वेळी चिलीत हिवाळा असतो, रात्री लांबलचक असतात आणि लगून तेजोमेघ जवळपास डोक्यावरून जातो.

तिसरी गोष्ट अक्षांश. माझा जीव ज्याच्यात सर्वांत अडकला आहे तो कॅरिना तेजोमेघ (सूचीतला क्रमांक एनजीसी ३३७२) खगोलीय विषुववृत्ताच्या जवळपास ६० अंश दक्षिणेला आहे. डोंबिवलीहून तो फार फार तर अकरा अंश वर येतो. तिथून येणाऱ्या प्रकाशाला डोक्यावरच्या ताऱ्याच्या पाचपट हवा ओलांडावी लागते, शिवाय खाली तळोजा-पनवेलचे दिवे. चिलीच्या रिओ उर्तादो खोऱ्यातून तोच तेजोमेघ साठ अंशांवर असतो. टॅरँट्युला तेजोमेघाची गोष्ट आणखी अवघड. तो आपल्याकडे जेमतेम दोन अंश वर येतो, म्हणजे तो आपल्यासाठी नाहीच.

अगस्त्य तारा आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. कॅरिना तेजोमेघ त्याच तारकासमूहात आहे. लहानपणापासून अगस्त्य पाहिला आणि त्याच्या शेजारपाजारचं सगळ्यांत भव्य दृश्य मात्र क्षितिजाच्या धुरात राहिलं. दूरस्थ दुर्बिणीकडे मी वळले ती या एका कारणासाठी.

म्हणजे घरची दुर्बीण विकून टाकू?

अजिबात नको. डोळ्याने पाहण्याला पर्याय नाही. वांगणीला किंवा एखाद्या किल्ल्यावर अमावस्येच्या रात्री मृगाचा तेजोमेघ साध्या सहा इंची दुर्बिणीतून पाहिलेला असेल, तरच चिलीतून आलेल्या फाइलमध्ये काय आहे ते कळतं. महाराष्ट्रात चांगला काळोख अजून शिल्लक आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

कोणत्या सेवा आहेत?

आयटेलिस्कोप ही जुन्या आणि बहुतेकांना माहीत असलेल्या सेवांपैकी एक. तिच्या दुर्बिणी ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगसह वेगवेगळ्या खंडांवर आहेत. टेलिस्कोप लाइव्ह ही सेवा आधीच घेतलेला डेटाही सदस्यांना देते, त्यामुळे फक्त प्रोसेसिंग शिकायचं असेल त्यांना ती सोयीची. स्लूह कॅनरी बेटांतल्या टेनेरिफवरून सुरू झाली. तिथे शिकवण्यावर आणि थेट पाहण्यावर भर आहे.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर हार्वर्ड-स्मिथसोनियनची मायक्रोऑब्झर्व्हेटरी बघा. सहा इंची छोट्या दुर्बिणी आहेत. वेबपानावर वस्तू निवडायची, एक्स्पोजर निवडायचं, ईमेल द्यायचा. रात्री फोटो काढला जातो आणि त्याचा दुवा ईमेलने येतो. फोटो अगदी साधा असतो, पण तो तुमच्या सांगण्यावरून काढलेला असतो. शाळेतल्या मुलांसाठी मी डोळे झाकून हीच सुचवते.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतःची दुर्बीण परदेशातल्या वेधशाळेत भाड्याच्या जागेवर ठेवणं. ते खर्चाचं आणि जबाबदारीचं काम आहे. दोन-तीन वर्षं भाड्याच्या दुर्बिणींवर हात बसल्यावर त्याचा विचार करावा.

खर्च किती येतो?

दर बदलत राहतात, म्हणून इथे आकडा देत नाही. पण हिशेब कसा चालतो ते सांगते. बहुतेक ठिकाणी महिन्याची वर्गणी किंवा पॉइंट असतात आणि दुर्बीण वापरल्याच्या वेळेनुसार ते खर्च होतात. छोट्या अपवर्तकाचा (भिंगाच्या दुर्बिणीचा) तास आणि अर्ध्या मीटरच्या मोठ्या दुर्बिणीचा तास यांच्या दरांत मोठा फरक असतो. चंद्र असलेल्या रात्री काही सेवा सवलत देतात. ढगांनी किंवा यंत्राच्या दोषाने फ्रेम वाया गेल्या तर तक्रार केल्यावर बऱ्याच सेवा पॉइंट परत करतात. तक्रार करायला लाजू नका. मात्र फाइल जोडून मुद्देसूद लिहा.

पैसे परदेशी चलनात जातात. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ऐन वेळी पेमेंट अडकतं ते बहुधा यामुळेच.

माझा सल्ला: पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत स्वस्त दुर्बीण घ्या आणि एकाच तेजोमेघावर सगळा वेळ घाला. दहा वस्तूंचे दहा अर्धवट फोटो काढण्यात पैसे जातात आणि हाती काही राहत नाही.

रात्रभर जागावं लागतं का?

उलट. चिलीत संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा त्यांच्या हिवाळी वेळेनुसार आपल्याकडे पहाटेचे साडेपाच असतात. पूर्व ऑस्ट्रेलियात रात्रीचे आठ म्हणजे आपली दुपारची साडेतीन. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपली सकाळ, साडेआठ. जागरण होतं ते फक्त स्पेनसाठी, कारण तिथली रात्र आणि आपली रात्र बऱ्यापैकी एकत्र चालतात.

आधी ठरवून दिलेल्या वेळापत्रकावर काम सोडता येतं, तेव्हा जागं असण्याचीही गरज नाही. पण पहिल्या काही वेळा बसून बघा. एप्रिलच्या सुरुवातीला कॅरिना तेजोमेघ चिलीत मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, येतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे आठ झालेले असतात. मी पहिल्यांदा बसले होते तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन ओट्यावर आलं होतं, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि ओट्यावरच्या लॅपटॉपवर तीनशे सेकंदांची पहिली फ्रेम उघडली. त्यात किल्लीच्या भोकासारखा काळा भाग होता. तो किहोल. जॉन हर्शेल यांनी १८३० च्या दशकात केप ऑफ गुड होपला मुक्काम करून हाच भाग डोळ्याने पाहून रेखाटला होता. मी गॅस बंद केला आणि बसून राहिले.

पहिला तेजोमेघ कोणता निवडू?

तेजस्वी आणि मोठा. दक्षिणेतून कॅरिना किंवा लगून, उत्तरेतून मृगाचा तेजोमेघ, म्हणजे एम ४२. मृगाच्या तेजोमेघाला तर या छंदात मानाचं स्थान आहे. ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपर यांनी त्याचा फोटो काढला, तो कोणत्याही तेजोमेघाचा पहिला फोटो. ११ इंची दुर्बीण आणि जवळपास ५० मिनिटांचं एक्स्पोजर. आज त्यापेक्षा कितीतरी जास्त तपशील दोन मिनिटांच्या एका फ्रेममध्ये येतो.

हंगाम पाहूनच निवडा. कॅरिनासाठी फेब्रुवारी ते मे, धनूतल्या तेजोमेघांसाठी मे ते ऑगस्ट, मृगासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. हंसातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ हवा असेल तर चिली उपयोगाची नाही, स्पेन किंवा अमेरिका घ्या. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात वेधशाळेचं ठिकाण टाकलं की वस्तू किती वाजता किती उंचीवर असेल ते दिसतं. तीस अंशांच्या खाली असताना फ्रेम घेऊ नका.

मोठी दुर्बीण घेतली की फोटो चांगला येतो ना?

इथेच बहुतेक जण पैसे घालवतात. मीही घालवले. पहिल्या महिन्यात मी १७ इंची दुर्बीण निवडली, तिचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) सुमारे २,९४० मिलिमीटर. आणि वस्तू निवडली रोझेट तेजोमेघ, जो आकाशात सव्वा अंशापेक्षा मोठा आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर त्या दुर्बिणीला आकाश दिसतं जेमतेम ०.७ अंश रुंद आणि अर्ध्या अंशाहून कमी उंच. दीड तास खर्च करून माझ्या हाती आला तो रोझेटच्या मधला पोकळ भाग आणि काही तारे. पाकळ्या चौकटीच्या बाहेर राहिल्या.

म्हणून आधी दोन गणितं करा, दोन्ही कागदावर होतात. चौकट किती मोठी हे पाहायला सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर करून ५७.३ ने गुणा, उत्तर अंशांत येतं. ५३० मिलिमीटरच्या छोट्या अपवर्तकावर ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर लावला तर चौकट ३.९ अंश रुंद होते, तीत अख्खा कॅरिना आरामात बसतो. दुसरं गणित एका पिक्सेलमध्ये किती आकाश येतं याचं: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, नाभीय अंतराने भागा. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला ५३० वर साधारण दीड विकला येतात (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). तेजोमेघांसाठी १ ते २ विकला उत्तम. १७ इंची दुर्बीण बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र जोडणं) न करता पाव विकलेपर्यंत जाते, पण हवेची थरथर तेवढा तपशील क्वचितच टिकू देते.

मोठी दुर्बीण हेलिक्ससारख्या ग्रहीय तेजोमेघाच्या (मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या) आतल्या गाठींसाठी किंवा ईगलमधल्या स्तंभांसाठी घ्यावी.

चंद्र असला तर?

भिंतीवरची दिनदर्शिका काढा. वद्य अष्टमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस रंगीत फिल्टरसाठी आणि ओ-थ्री या अरुंद फिल्टरसाठी ठेवा (ओ-थ्री आणि एच-अल्फा म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात). एच-अल्फा चांदण्यातही चालतो, फक्त चंद्रापासून निदान साठ अंश लांबची वस्तू घ्या. चांदणं म्हणजे हवेत विखुरलेला सूर्यप्रकाशच, आणि त्यात निळ्या-हिरव्याचा वाटा जास्त. म्हणून त्याचा फटका ओ-थ्रीला बसतो. एच-अल्फा तांबड्यात असल्यामुळे बराच वाचतो.

आपली तिथी पाहून चिलीच्या रात्री ठरवता येतात याचं मला अजून अप्रूप वाटतं. गुढीपाडव्याच्या आधी अमावस्या असतेच, आणि तो नेमका कॅरिनाचा ऐन हंगाम.

एच-अल्फा, ओ-थ्री, एस-टू म्हणजे काय?

तेजोमेघातला वायू निऑनच्या दिव्यासारखा काही ठरावीक तरंगलांबींवरच चमकतो. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ वर, एक इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक ६७२ च्या आसपासच्या दोन रेषांवर. प्रत्येकीसाठी ३ ते ७ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर मिळतो. तो फिल्टर तेवढाच प्रकाश आत घेतो आणि आकाशाचा बाकी उजेड बाहेर ठेवतो.

यातल्या ऑक्सिजनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका ग्रहीय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, आणि त्यात हिरव्या भागात अशा रेषा दिसल्या ज्या पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. हे तेजोमेघातलंच एखादं नवं मूलद्रव्य असावं असं समजून त्याला ‘नेब्युलियम’ हे नावही मिळालं. साठहून अधिक वर्षं ते कोडं तसंच होतं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा आपला ओळखीचा ऑक्सिजनच आहे. पृथ्वीवर वायू इतका दाट असतो की तो अणू त्या रेषेचा प्रकाश सोडायच्या आत दुसऱ्या अणूवर आपटतो आणि ऊर्जा तिथेच देऊन टाकतो. तेजोमेघात घन सेंटीमीटरला काही शे ते काही हजार कण, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ. तिथे अणूला वाट पाहायला वेळ मिळतो. ओ-थ्रीची फ्रेम उघडते तेव्हा मला ही विरळ शांतता दिसते.

मग हे रंग खरे की खोटे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. त्यामागे फसवले जाण्याची शंका असते, म्हणून नीट उत्तर देते.

अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग जवळपास दिसत नाहीत. मृगाचा तेजोमेघ दुर्बिणीतून बहुतेकांना राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. म्हणून ‘डोळ्याला दिसतो तसा रंग’ हवा म्हटलं तर फोटो राखाडीच हवा. पण प्रकाशाला स्वतःचा रंग असतोच: हायड्रोजनचा तांबडा-गुलाबी, ओ-थ्रीचा निळसर हिरवा. लाल-हिरवा-निळा फिल्टर वापरून, ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांशी ताळा घालून काढलेला फोटो या अर्थाने खरा असतो.

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये ईगल तेजोमेघातल्या स्तंभांचा जो फोटो काढला त्यात गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवला होता. हायड्रोजन आणि गंधक दोन्ही मुळात तांबडेच, शेजारी शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू येणार नाहीत. त्यांना वेगळे रंग दिले की कुठे काय आहे ते दिसतं. शाळेतल्या नकाशात डोंगर तपकिरी आणि मैदान हिरवं असतं, त्याला आपण खोटं म्हणत नाही, कारण कोपऱ्यात सूची असते. आपल्या फोटोलाही सूची हवी. रंग कसे नेमले ते लिहिलं की फसवणूक नाही, आणि लिहिलं नाही तर मात्र आहे असं मी मानते.

एकूण किती तास लागतात?

तेजस्वी तेजोमेघाला अरुंद फिल्टरमधून प्रत्येकी दोन-तीन तास द्या. एकेक फ्रेम ३०० सेकंदांची असली की पुरते. फिकट गोष्टींना दहा, वीस, कधी शंभर तास.

फ्रेमची संख्या चौपट केली तर नॉइजच्या (फोटोतल्या कणीदार खरखरीच्या) तुलनेत संकेत, म्हणजे खरा प्रकाश, दुप्पट होतो. एका तासावरून चार तासांवर गेलात की डोळ्याला लगेच फरक दिसतो. तितकाच फरक पुन्हा हवा असेल तर सोळा तास. कुठे थांबायचं ते यावरून ठरवता येतं.

फाइल उघडली तर सगळं काळं दिसतं. डेटा खराब आहे का?

नाही, तो तसाच दिसायला हवा. फिट्स फाइलमध्ये (दुर्बिणीकडून येणारी कच्ची फाइल) प्रत्येक पिक्सेलला ० ते ६५,५३५ यांमधली संख्या असते. माझ्या एका एच-अल्फा फ्रेममध्ये रिकाम्या आकाशाची संख्या ६५० च्या आसपास होती आणि तेजोमेघाच्या फिक्या कडेची ६८०. तीसचा फरक. तारे मात्र चाळीस हजारांच्या वर. पडदा हे सगळं सरळ प्रमाणात दाखवतो, म्हणून ६५० आणि ६८० दोन्ही काळेच दिसतात. ‘ऑटोस्ट्रेच’ दाबलं की तो तीसचा फरक ताणला जातो आणि काळ्यातून पदर वर येतो. अशा छत्तीस फ्रेम एकावर एक बसवल्या की पदर घट्ट होतो.

एकेक फ्रेम मोठी करून बघायची सवय लावा. चारही कोपऱ्यांत तारे गोल आहेत का? एखाद्या फ्रेममध्ये पार्श्वभूमी अचानक वाढली आहे का? वाढली असेल तर विरळ ढग येऊन गेला. ती फ्रेम काढून टाकताना जिवावर येतं, पण काढा.

उपग्रहांच्या रेषांचं काय?

जवळजवळ प्रत्येक सत्रात येतात. पंधरा-वीस फ्रेम असतील तर स्टॅकिंग करताना, म्हणजे फ्रेम एकावर एक बसवताना, सरासरीपासून फार दूर गेलेले पिक्सेल आपोआप वगळले जातात, रेषा राहत नाहीत. पाचच फ्रेम असतील तर मात्र त्रास होतो.

डार्क, बायस, फ्लॅट या फ्रेम मला काढाव्या लागतात का?

बहुतेक सेवा त्या देतात, किंवा आधीच वापरून स्वच्छ केलेली फाइल देतात. डार्क म्हणजे झाकण लावून तितक्याच तापमानाला, तितक्याच वेळाची फ्रेम, तिच्यातून सेन्सरचे गरम पिक्सेल कळतात. बायस शून्याच्या जवळ जाणाऱ्या वेळाची. फ्लॅट एकसारख्या उजळ पृष्ठभागाची, तिच्यातून धुळीचे डाग आणि कडांचा काळोख कळतो.

एक अनुभव सांगते. एकदा माझ्या अंतिम फोटोत धुळीचे डाग जोडीने दिसू लागले, एक काळा आणि शेजारी एक उजळ. दोन दिवस मी माझ्या प्रोसेसिंगमध्ये चूक शोधत होते. शेवटी फ्लॅटच्या फाइलमधली तारीख पाहिली, तर ती तीन आठवडे जुनी होती, आणि मधल्या काळात त्या वेधशाळेत कॅमेरा काढून पुन्हा बसवला होता. नवे फ्लॅट मागितले, ते आले, आणि दहा मिनिटांत सगळं स्वच्छ झालं. तेव्हापासून फाइलच्या शीर्षकातली तारीख, तापमान आणि फिल्टर हे तीन मी आधी वाचते.

कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर कोणतं?

१६ जीबी रॅम आणि भरपूर जागा हवी. ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम सुमारे १२२ एमबीची असते, चाळीस फ्रेम म्हणजे जवळपास पाच जीबी.

सिरिल हे प्रोसेसिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरतं. पार्श्वभूमीचा उतार काढायला ग्रॅक्सपर्ट, तारे वेगळे करायला स्टारनेट, शेवटचा हात फिरवायला गिंप, हेही सगळं मोफत. पिक्सइनसाइट विकत घ्यावं लागतं, ताकदवान आहे आणि शिकायला वेळ खातं. सिरिलमध्ये दहा फोटो पूर्ण केल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नका.

एआयची साधनं वापरावीत का?

नॉइज कमी करणारी, धूसरपणा काढणारी साधनं मी वापरते, पण हात आखडता ठेवून. प्रशिक्षित साधन कधी कधी नॉइजमध्येही तंतू ‘पाहतं’ आणि डेटात नसलेली रचना उभी करतं. माझी कसोटी अशी: फ्रेमचे दोन गट करायचे, दोन वेगळे स्टॅक करायचे आणि तीच प्रक्रिया दोघांवर चालवायची. जो तंतू दोन्हींत येतो तो आकाशातला. एकातच आला तर तो ठेवायचा नाही, कितीही देखणा असला तरी. वाक्य लिहून चित्र बनवणाऱ्या साधनांचा तर इथे काही संबंधच नाही.

यातून विज्ञानाला काही उपयोग होतो का?

होतो. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत जे मॅक्नील या हौशी निरीक्षकाने घराच्या अंगणातून तीन इंची दुर्बिणीने मृगातल्या एम ७८ या तेजोमेघाच्या परिसराचा फोटो काढला आणि त्यात पूर्वी कुणाच्या लक्षात न आलेला तेजोमेघ सापडला. एका तरुण ताऱ्याच्या उद्रेकाने तो उजळला होता. आज त्याला मॅक्नीलचा तेजोमेघ म्हणतात. २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हिये स्ट्रॉटनर आणि यान सँती या हौशी मंडळींना देवयानी दीर्घिकेच्या (अँड्रोमेडा गॅलक्सीच्या) शेजारी ओ-थ्रीची एक मोठी, फिकट कमान सापडली. इतक्या वेळा टिपलेल्या दीर्घिकेशेजारी ती कुणाच्या नजरेस आली नव्हती, कारण तिथे ओ-थ्रीत इतके तास कुणी दिलेच नव्हते. त्या फोटोमागे शंभर तासांहून अधिक एक्स्पोजर आहे.

मोठ्या वेधशाळांना एका जागेवर शंभर तास देणं सहसा परवडत नाही. हौशी माणसाला ते जमतं.

दुर्बीण दुसऱ्याची, कॅमेरा दुसऱ्याचा, आकाशही दुसऱ्या देशातलं. मग फोटो तुमचा कसा?

या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. थंडीत कुडकुडत दुर्बीण उभी करणाऱ्यांना हा प्रकार फुकटचा वाटतो, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे.

माझं मत असं. तयार डेटा उतरवून प्रोसेसिंग केलं असेल तर ‘प्रोसेसिंग माझं’ म्हणावं, ‘फोटो माझा’ म्हणू नये. पण वस्तू मी निवडली, ती कुठे आहे आणि का चमकते हे मला ठाऊक आहे, चौकट मी आखली, फिल्टर आणि रात्री मी ठरवल्या, बिघडलेल्या फ्रेम मी वेचून काढल्या आणि शेवटी काय ठळक करायचं, काय फिकं ठेवायचं हे मी ठरवलं, तर तो फोटो माझा आहे. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञही स्वतःच्या मालकीच्या दुर्बिणीतून पाहत नाहीत.

मात्र आकाशाशी ओळख हवी. १८४३ मध्ये कॅरिना तेजोमेघातला ईटा कॅरिनी हा तारा इतका भडकला की काही काळ व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच होता, आपल्या अगस्त्यापेक्षाही उजळ. हे माहीत नसताना त्याच्याभोवतीचा ढग रंगवणं मला नको वाटतं.

फोटोखाली काय लिहावं?

जे केलं ते सगळं. माझ्या एका फोटोखालचा मजकूर इथे देते, हवा तर तसाच साचा वापरा.

‘कॅरिना तेजोमेघ, एनजीसी ३३७२. अंतर सुमारे ७,५०० प्रकाशवर्षं. चिलीतली भाड्याची दूरस्थ दुर्बीण, १०६ मिलिमीटर अपवर्तक, नाभीय अंतर ५३० मिलिमीटर. एच-अल्फा ३६ × ३०० सेकंद, ओ-थ्री ३६ × ३०० सेकंद, एस-टू २४ × ३०० सेकंद, एकूण ८ तास. गुढीपाडव्याआधीच्या चार रात्री, एप्रिल २०२४. रंग: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. नॉइज कमी करणारं साधन एकदा, सौम्य. निवड, नियोजन आणि प्रोसेसिंग डोंबिवलीहून.’